मीटर काढायचं सॉफ्टवेअर: क्यूट डिझाइन स्टुडिओ, दोन वर्षांनंतर

शुक्रवारी सकाळी सव्वाआठला ऐरोलीच्या पुलावर गाडीच्या डॅशबोर्डावरचा मी काढलेला डिजिटल मीटर दिसेनासा झाला. गाडी मुलुंडच्या दिशेने, सूर्य पाठीशी, मागच्या काचेतून आत आलेलं ऊन थेट पडद्यावर. ऑफिसात खिडक्यांचे पडदे ओढून ज्या करड्या-निळ्या छटेवर सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, ती छटा उन्हात पार धुऊन निघाली. वेगाचा मोठा आकडा कसाबसा दिसत होता; ट्रिप, तापमान, इंधनाच्या रेघा सगळं गायब. गाडी चालवणारा टेस्टिंगचा मुलगा म्हणाला, "मॅडम, टाकीत किती आहे ते आता देवालाच माहीत."

पूल उतरल्यावर गाडी कडेला घेतली. माझ्या मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर डिझाइन स्टुडिओ, तिथून केबल डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या बोर्डाला, म्हणजे मीटर चालवणाऱ्या छोट्या संगणकाला. सगळे रंग एकाच फाइलमध्ये ठेवलेले असल्यामुळे बारीक मजकुराचा रंग एका जागी बदलला, फाइल बोर्डावर पाठवली, ॲप पुन्हा सुरू केलं. वळून परत ऐरोली, परत पूल. असं त्या सकाळी चार वेळा. चौथ्या फेरीला सगळं वाचता आलं, पण तोवर सूर्यही बराच वर आला होता. मग रंग बरोबर होता की वेळ बरोबर होती, हे ठरवायला सोमवारी पुन्हा जावं लागलं.

दोन वर्षांपूर्वी हेच काम करायला मला तीन आठवडे लागले असते. म्हणून हे लिहायला बसले.

मी उपयोजित कला शिकलेली बाई. ऐरोलीच्या एका कंपनीत गाड्यांचे डिजिटल मीटर काढते. आमच्यात त्याला क्लस्टर म्हणतात, गॅरेजवाला मीटर म्हणतो, आणि आमचे बाबा 'काटे' म्हणतात, पडद्यावर काटा नसला तरी. राहायला ठाण्यात, चरईत. चित्र एकदा काढलं की काढलं. मीटर मात्र सेकंदाला ६० वेळा काढला जातो, आणि काढणारी मी नसते, डॅशबोर्डाच्या आत बसलेली चिप असते. एका चित्रासाठी तिला जेमतेम १६-१७ मिलिसेकंद मिळतात. ही गोष्ट डोक्यात शिरायला मला फार वेळ लागला, आणि जी शिरली ती या सॉफ्टवेअरमुळेच.

आधी आम्ही दुसरंच एक महागडं सॉफ्टवेअर वापरत होतो. नाव घेत नाही. त्याला एक डाँगल होतं, म्हणजे लॅपटॉपला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही अशी किल्ली, चार माणसांत एक, ते मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये कुलपात. डाँगल मिळालं नाही त्या दिवशी मी पडद्याची चित्रं करायची, त्यावर लाल बाण काढायची, 'इथे २४ पिक्सेल', 'हा पिवळा, तो नव्हे', आणि पीडीएफ करून पाठवायची. पलीकडचा इंजिनिअर ते बघून सगळं पहिल्यापासून कोडमध्ये लिहायचा. माझे २४ त्याच्याकडे २० व्हायचे. माझा पिवळा केशरी व्हायचा. आता, मीटरमध्ये पिवळा आणि लाल म्हणजे साड्यांचे रंग नव्हेत. पिवळा म्हणजे लवकर बघून घे, लाल म्हणजे आत्ता थांब. चिन्हांचे हे अर्थ आयएसओ २५७५ या मानकात ठरलेले आहेत. दोघांच्या मधला केशरी म्हणजे ड्रायव्हरने काय करायचं?

डिझाइन स्टुडिओत मी जे मांडते ते त्याच क्षणी क्यूएमएल नावाच्या भाषेत लिहिलं जातं, आणि गाडीतला बोर्डही तेच क्यूएमएल चालवतो. मधला दुभाष्या गेला. इंजिनिअर आता वेग, इंधन, दारं यांची खरी माहिती आणून जोडतो, आणि माझ्या २४ला हात लावत नाही. लावलाच तर मला दिसतं.

नावाबद्दल थोडं. लिहितात क्यू आणि टी, उच्चारतात क्यूट. पडद्यावरच्या खिडक्या-बटणं बनवायची ही हत्यारपेटी, आणि डिझाइन स्टुडिओ तिच्यातलंच एक हत्यार. गोंडस या अर्थाचं नाव असलेली ही वस्तू तशी जुनी आणि रुक्ष आहे. १९९४ साली नॉर्वेत ट्रोलटेक नावाची कंपनी निघाली, २००८मध्ये ती नोकियाने घेतली, पुढे विकली, आणि आता क्यूटची कंपनी फिनलंडमध्ये एस्पोला आहे. तुमच्या विंडोज किंवा लिनक्सच्या संगणकावर व्हीएलसी प्लेयर असेल तर क्यूट तुम्ही रोज बघताच, त्याच्या खिडक्या त्यातच बनलेल्या आहेत. क्यूएमएल २०१०चं, डिझाइन स्टुडिओ २०१८चा. मर्सिडीजची एमबीयूएक्स ही पडद्यांची यंत्रणाही क्यूटवर बांधलेली. पण मी काही मर्सिडीजचं काम करत नाही. आमच्याकडे येतात ते टेम्पो आणि छोट्या व्हॅन.

आता काट्याकडे.

आमच्या एका मीटरमध्ये ० ते १६० किलोमीटरचा गोल आहे, २४० अंशांचा. म्हणजे दर किलोमीटरला दीड अंश. डिझाइन स्टुडिओत काट्याच्या 'रोटेशन'समोरच्या चौकटीत हे गणित लिहिलं, वेग गुणिले दीड, की काटा वेगाला बांधला गेला. याला ते बाइंडिंग म्हणतात. वेग बदलला की काटा फिरतो, वेगळी आज्ञा द्यावी लागत नाही. पहिल्यांदा हे चाललं तेव्हा मी जागची उठून दोनदा चहा घेऊन आले.

पण गाडीतल्या वायरिंगमधून वेगाचा आकडा येतो तो सेकंदाला दहा वेळा, आणि पडदा रंगतो ६० वेळा. त्यामुळे काटा धक्के खात सरकतो, गचके देणाऱ्या मिनिटकाट्यासारखा. त्यावर उपाय आहे, स्मूद्ड ॲनिमेशन. काटा जुन्या जागेवरून नव्या जागेवर अलगद नेतं. मी ६०० मिलिसेकंद दिले. रेशमासारखा काटा! ऑफिसात सगळे खूष, क्लायंट खूष.

घरी माझ्याकडे रास्पबेरी पाय नावाच्या छोट्याशा संगणकाला जोडलेला सात इंची पडदा आहे, आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेली एक गोल कळ, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या कळीसारखी. कळ फिरवली की वेग वाढतो. एका रविवारी तो ठोकळा जेवणाच्या टेबलावर होता आणि बाबा कळ फिरवत बसले. बाबा ठाणे परिवहनचे निवृत्त ड्रायव्हर, वागळे डेपो. त्यांनी कळ झरकन पुढे नेली. ८०च्या वर गेलं की बीप वाजायला हवा, आपल्याकडे नव्या गाड्यांना १ जुलै २०१९पासून तो नियम आहे, तसा वाजला. बाबा थांबले.

"हा ओरडतोय कशाला? अजून ऐंशी कुठे झालेत?"

काटा ७० आणि ८०च्या मध्ये होता, सावकाश वर चाललेला. बीप खऱ्या वेगावर वाजला होता. काटा माझ्या रेशमी वेगावर चालला होता. मग त्यांनी कळ उलटी फिरवून एकदम शून्यावर आणली आणि काटा तरंगत तरंगत खाली येताना बघत राहिले. "अगं, ब्रेक मारला ना मी. याला कोणी सांगितलं नाही वाटतं."

स्पीडोमीटरचा बऱ्याच देशांत पाळला जाणारा साधा दंडक आहे: खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवला तर चालेल, कमी कधीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ३९मध्ये त्याची मर्यादाही दिलेली आहे, खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक चार किलोमीटर. ती तपासणी स्थिर वेगावर होते, त्यामुळे आमचा मीटर त्यात पास झालाच असता. पण वेग वाढवताना मागे रेंगाळणारा काटा त्या घटकेपुरतं खोटंच बोलतो. आता मी १५० मिलिसेकंद ठेवते. क्लायंटच्या एका साहेबांना तो 'थोडा हार्श' वाटतो. वाटू दे.

तर माझं मत विचाराल तर या सॉफ्टवेअरचा खरा गुण हा आहे. हेच मीटर मी घरच्या ठोकळ्यावर चालवू शकते, आणि ज्याला डिझाइनमधलं ओ की ठो कळत नाही पण गाडीतलं सगळं कळतं, असा माणूस त्याला हात लावू शकतो. पीडीएफला हात लावून कोणाला काही कळत नाही.

आता माझ्या चुका सांगते, कारण शिकताना त्याच होतात.

फिग्मातून, म्हणजे आम्ही डिझायनर पडद्यांची चित्रं ज्यात काढतो त्या सॉफ्टवेअरमधून, चित्र थेट आत आणायची सोय आहे, क्यूट ब्रिज म्हणतात. सोय चांगली आहे, पण ती तुमच्या फिग्माची लक्तरं वेशीवर टांगते. माझ्या पहिल्या फाइलमध्ये अडीचशेच्या वर लेअर होते आणि निम्म्यांची नावं 'रेक्टँगल ४७', 'रेक्टँगल ४७ कॉपी', 'कॉपी फायनल'. ते सगळं तसंच्या तसं आत आलं. इंजिनिअरने अतिशय सभ्यपणे विचारलं, "यातला पेट्रोलचा कुठला?" त्यानंतरचे दोन दिवस मी बारशात घालवले. आता सवय लागली: आधी नाव, मग आकार.

दुसरी चूक महागात पडली असती. बारा इंची पडद्याला शोभा यावी म्हणून मी मागे पाच थर दिले होते. रात्रीच्या आकाशासारखा एक ग्रेडियंट, त्यावर अर्धपारदर्शक धुकं, त्यावर चकाकी, आणखी एक धुकं, कडेला सावली. लॅपटॉपवर लोण्यासारखं चालायचं. बोर्डावर नेलं तर सेकंदाला २२ चित्रं. हिशेब नंतर केला: १९२० गुणिले ७२० म्हणजे पावणेचौदा लाखांच्या वर ठिपके, प्रत्येक ठिपका पाच वेळा रंगवायचा, सेकंदाला ६० वेळा. एकेचाळीस कोटींच्या वर. आणि हे सगळं कशासाठी, तर कोणाच्याही लक्षात न येणाऱ्या धुक्यासाठी. पाचही थर एकत्र करून एकच चित्र बनवलं आणि तळाला ठेवलं. काम झालं. कुठला ठिपका किती वेळा रंगतोय हे रंगीत पट्ट्यांनी दाखवायची सोय क्यूटमध्ये आहे, ती पहिल्या दिवसापासून लावून ठेवा. मी सहा महिन्यांनी लावली.

आणि मग मराठी.

एका क्लायंटला सूचना मराठीतूनही हव्या होत्या. 'दार उघडे आहे', 'पार्किंग ब्रेक लावलेला आहे', 'सर्व्हिसची वेळ झाली'. मी हरखले. याआधीच्या एका कामात, दुसऱ्या एका हलक्या सॉफ्टवेअरवर आणि छोट्या चिपवर, मी हे करायला गेले होते आणि तोंडावर आपटले होते. 'पार्किंग' हा शब्द नीट बघा. रफार र्‌चा, पण बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ऱ्हस्व वेलांटी उच्चारायची 'क'नंतर, पण काढायची 'क'च्या आधी. संगणकाच्या पोटात हे उच्चाराच्या क्रमाने साठवलेलं असतं, आणि ते डोळ्यांच्या क्रमाने मांडून देणारं एक वेगळं यंत्र लागतं. ते नसलं की 'र'चा पाय मोडून पडतो, वेलांटी पुढच्या 'ग'च्या गळ्यात जाते, आणि अनुस्वार कुठेतरी लोंबकळतो. तेव्हा आम्ही प्रत्येक वाक्याचं चित्र काढून चिकटवलं होतं. मग क्लायंटने 'उघडे'चं 'उघडं' केलं आणि पुन्हा सगळी चित्रं.

क्यूटच्या मोठ्या आवृत्तीत, लिनक्स चालणाऱ्या बोर्डावर, अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ नावाचं इंजिन करतं. मी 'पार्किंग ब्रेक' टंकलं आणि 'पार्किंग ब्रेक' दिसलं. यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. फोनवर हे रोज दिसतं. पण गाडीच्या मीटरमध्ये वेलांटी आपल्या जागी बसलेली पाहून मला जे वाटलं ते मी बाबांनाही सांगितलं नाही.

यापुढचं काम मात्र सॉफ्टवेअर करून देत नाही. मजकुराच्या चौकटी इंग्रजीच्या मापाने आखलेल्या असतात. त्यात 'उघडे'ची मात्रा वरून कापली जाते आणि इतर शब्दांतले उकार खालून. चौकटी मला जवळजवळ दीडपट उंच कराव्या लागल्या. ड्रायव्हरचा डोळा पडद्यापासून पाऊण मीटरवर असतो, आणि आयएसओ १५००८ हे मानक अक्षराची उंची डोळ्याशी होणाऱ्या कोनात सांगतं. शिफारस २० मिनिटांच्या, म्हणजे एक तृतीयांश अंशाच्या, कोनाची, म्हणजे या अंतरावर ४.४ मिलिमीटरच्या आसपास. ही मोजणी रोमन अक्षरांना सोपी जाते. आपल्याकडे शिरोरेषेच्या वरचं धरायचं का? मी धरत नाही, नुसतं 'द'चं अंग मोजते आणि वर-खाली मोकळं सोडते. टंक 'मुक्त' नावाचा वापरते, मुंबईच्या 'एक टाइप' या टंक बनवणाऱ्यांचा. सगळ्यांना खुला आहे, आणि बारीक आकारात जोडाक्षरं बुजत नाहीत.

आकडे मात्र रोमनच ठेवले. मी देवनागरी आकडे करून बघितले, छान दिसत होते. पण कोपऱ्यातल्या नजरेला १ आणि ९ सारखेच वाटतात. ११ आणि ९१ यांत गल्लत होणारा मीटर मला काढायचा नाही.

ते लाल-पिवळे दिवे, म्हणजे ऑइल, ब्रेक, एअरबॅग वगैरे, यांची व्यवस्था वेगळी आहे आणि ती कळल्यापासून मला बरी झोप लागते. क्यूट सेफ रेंडरर नावाचा वेगळा भाग आहे, गाड्यांच्या सुरक्षेच्या आयएसओ २६२६२ मानकाच्या सर्वांत कडक पातळीसाठी, एएसआयएल-डीसाठी, प्रमाणित. माझं सगळं सुंदर चित्र गोठलं, नकाशा अडकला, तरी हे दिवे दुसऱ्याच वाटेने पेटतात. डिझायनर म्हणून मी फक्त ते चिन्ह 'सेफ' म्हणून मांडायचं, त्याची जागा आणि आकार ठरवून द्यायचा. मग त्याच्याशी खेळायचं नाही. त्यावर धुकं घालता येत नाही. बरंच आहे.

खिडक्यांच्या गर्दीचं सांगायला हवं. नेव्हिगेटर, प्रॉपर्टीज, स्टेट्स, टाइमलाइन, कनेक्शन्स. उघडल्यावर विमानात बसल्यासारखं वाटतं. फिग्मावरून येणाऱ्याला पहिला महिना जड जातो, आणि थोडं तरी कोड वाचता यायलाच हवं. 'कोड नको रे बाबा' म्हणणाऱ्या डिझायनरने याच्या वाटेला जाऊ नये. सुरुवात नमुन्यांपासून करा. सोबत कॉफी मशीन, वॉशिंग मशीन, ई-बाइक अशी तयार उदाहरणं येतात, ती फोडून बघा. मी ई-बाइक फोडून शिकले.

पैशाचं: बिल कंपनी भरते, त्यामुळे महाग-स्वस्त मी बोलत नाही. खुली आवृत्ती आहे, शिकायला ती भरपूर झाली. पण गाडीत घालून विकायचं असेल तर परवान्याच्या अटी वकिलाकडून वाचून घ्या. खुल्या परवान्यात गाडीच्या मालकाला क्यूटचा भाग बदलता यायला हवा, अशा अर्थाची अट येते, आणि कुठलाही वाहनवाला ती सुखाने मान्य करत नाही. म्हणून ते बहुधा पैसे भरून घेतात.

आमच्या ऑफिसातल्या पोरांचा जीव अनरिअलवर. खेळांसाठीचं ते इंजिन हमरच्या इलेक्ट्रिक गाडीत वापरलंय, दिसतंही झकास. पडद्यावर गाडीची थ्रीडी प्रतिमा गरागरा फिरते. ज्या गाडीत आपण बसलोय तिचंच चित्र आपल्याला कशाला, हा माझा प्रश्न. थ्रीडी क्यूटमध्येही आहे. मी एकदाच वापरलं, दारांसाठी, कुठलं दार उघडं ते दाखवायला. तिथे ते शोभतं.

गेल्या रविवारी बाबा पुन्हा ठोकळ्याशी बसले. सगळं बघून झाल्यावर विचारलं, "हवेचा काटा कुठाय?"

"अहो बाबा, ही व्हॅन आहे. हिला हवेचे ब्रेक नाहीत."

"नसू देत. मला दे."

बसमध्ये सकाळी गाडी सुरू केल्यावर हवेचा दाब भरेपर्यंत थांबायचं असतं, तोवर डेपोतून हलायचं नाही. वेगाच्या गोलाची प्रत काढली, ० ते १० केलं, पाचच्या खाली लाल पट्टा, कळीला जोडलं. चाळीस मिनिटं, त्यातली दहा आईने कांदे चिरायला लावले म्हणून. बाबांनी कळ अगदी हळूहळू फिरवली, इंजिनाने हवा भरावी तशी. काटा लालमधून बाहेर आला, सात, साडेसात. तिथे त्यांनी हात काढला आणि मागे टेकले.

"हां. आता काढ गाडी."